डबा कंपनीचा, जाळं आपलं: वस्तीवरच्या वायफायचा हिशेब



आजची नोंद कापूस-सोयाबीनची नाही, वायफायची आहे. पण विषय शेतीचाच आहे, म्हणून शेवटपर्यंत वाचा.

आपल्या बीड जिल्ह्यात आता वस्तीवर नेट यायला लागलंय. कुठं मोठ्या कंपनीचं फायबर, कुठं तालुक्याच्या केबलवाल्याचं, कुठं छपरावर बसवलेलं हवेतून नेट घेणारं यंत्र. नेट आलं याचा आनंदच आहे. भांडण वेगळं आहे. कंपनीचा माणूस येतो, वायर जिथून घरात शिरते तिथंच दाराजवळ पांढरा डबा ठोकतो, डब्याखाली उभं राहून मोबाईलवर स्पीड दाखवतो आणि गाडीला किक मारतो. त्या डब्यापासून वीस फुटांवर, माळवदाच्या आतल्या खोलीत नेट नाही. गोठ्यात नाही. रेशमाच्या शेडमध्ये तर नाहीच नाही. तक्रार केली की उत्तर ठरलेलं: "मोठा प्लॅन घ्या", नाहीतर "बाजारातून बूस्टर आणा".

माझं म्हणणं सरळ आहे. या दोन्ही सल्ल्यांवर रुपया घालू नका.

कंपनीचा राऊटर म्हणजे लाईटचं मीटर समजा. मीटरपर्यंतची लाईन महावितरणची, मीटरच्या पुढची वायरिंग आपली. गोठ्यात बल्ब कुठं लावायचा हे आपण लाईनमनला विचारत बसत नाही. तसंच डब्याच्या पुढचं वायफायचं जाळं आपलं आहे. ते आपण बांधायचं, त्याची किल्ली आपल्या खिशात ठेवायची. आणि कंपनी त्यात आडवी येत असेल तर गप्प बसायचं नाही.

मोटार मोठी केली म्हणून चोकलेली लॅटरल सुटत नाही

ठिबकवाल्यांना हे लगेच कळेल. शेवटच्या लॅटरलला पाणी पोचत नाही म्हणून कोणी पाचची मोटार काढून साडेसातची बसवत नाही. आधी फिल्टर बघतो, सबमेन बघतो, लॅटरलची लांबी बघतो. नेटचा प्लॅन म्हणजे मोटार. डब्यापासून तुमच्या मोबाईलपर्यंतची हवा आणि भिंती म्हणजे पाईपलाईन. अडचण पाईपलाईनीत असताना मोटारीचं बिल वाढवणं म्हणजे कंपनीची दिवाळी.

पारख करायला दोन मिनिटं लागतात. डब्यापासून एका हातावर उभं राहून स्पीड मोजा. मग जिथं नेट पाहिजे तिथं जाऊन मोजा. डब्याजवळच कमी भरलं तर दोष कंपनीचा, तिचा गळा धरा. डब्याजवळ पुरेसं आणि लांब गेल्यावर शून्य, तर दोष जाळ्याचा. मग कितीही मोठा प्लॅन घ्या, आतल्या खोलीत शून्यच राहणार.

याचं कारण आपल्या घरांच्या बांधणीत आहे. माळवदाच्या दगडमातीच्या भिंती दीड-दोन हात जाड. नव्या घराचा स्लॅब म्हणजे काँक्रीटमध्ये लोखंडी सळयांचं जाळं. आणि सगळ्यात मोठा वैरी म्हणजे पत्रा. वायफाय म्हणजे रेडिओ लहर. लाकडातून, विटेतून ती थोडीफार आरपार जाते, धातूवर आपटली की माघारी फिरते. पत्र्याच्या शेडमध्ये बाहेरून वायफाय जाईल ही आशा म्हणजे बंद व्हॉल्व्हमधून पाणी येईल ही आशा.

वायफायच्या नेहमीच्या पट्ट्या दोन. २.४ गिगाहर्ट्झची लहर लांब जाते, भिंत जरा बरी ओलांडते, पण वेग कमी. ५ गिगाहर्ट्झचा वेग जास्त, पण भिंतीपुढं ती लवकर दमते. हे लक्षात ठेवा, पुढं लागणार आहे.

बूस्टर म्हणजे उसनं पाणी

बाजारातला स्वस्त बूस्टर काय करतो? डब्याचं बोलणं ऐकतो आणि तेच पुन्हा मोठ्यानं बोलतो. पण ऐकायला आणि बोलायला त्याच्याकडं एकच रेडिओ असेल तर तो आळीपाळीनं काम करतो, म्हणून वेग साधारण निम्म्यावर येतो. त्यात आपण तो लावतो कुठं? जिथं नेट मेलंय तिथंच. ज्याला स्वतःलाच ऐकू येत नाही तो दुसऱ्याला काय सांगणार? आणि बऱ्याच बूस्टरचं नाव वेगळं, त्यामुळं मोबाईल जुन्याच नावाला चिकटून राहतो आणि तुम्ही अंगणात वायफाय बंद-चालू करत बसता.

मेश म्हणजे एकमेकींना ओळखणाऱ्या दोन-तीन डब्या. सगळ्यांचं नाव एक, पासवर्ड एक. तुम्ही ओसरीवरून गोठ्याकडं चाललात की मोबाईल आपोआप जवळच्या डबीवर जातो. पण विकणारा जे सांगत नाही ते मी सांगतो: मेश म्हणजे जादू नाही. डब्या एकमेकींशी हवेतूनच बोलत असतील तर प्रत्येक टप्प्याला वेग इथंही घटतो. दोन डब्यांच्या मध्ये वायर टाकली तरच मेशचा खरा फायदा. वायर स्वस्त, वायर मुकाट, वायरीला भिंत आडवी येत नाही.

आणि हेही सांगतो. घर दोन-तीन खोल्यांचं असेल, गोठा भिंतीला लागून असेल, तर मेश घेऊच नका. डबा दारामागून काढून घराच्या मध्यावर, छातीच्या वर, लोखंडी कपाटापासून लांब लावला तरी निम्म्या तक्रारी मिटतात. एखादा जुना राऊटर घरात पडून असेल तर त्याला वायर जोडून ॲक्सेस पॉइंट मोडवर टाका, काम भागतं.

ज्यांना लागणार त्यांनी असं बांधा

१) मेशची मुख्य डबी कंपनीच्या डब्याला लॅन वायरीनं जोडा. मेशच्या ॲपमध्ये ॲक्सेस पॉइंट मोड निवडा. हे केलं नाही तर दोन राऊटर एकामागे एक बसतात आणि दोघंही आपापले पत्ते वाटतात. एकाच शिवारात दोन तलाठी बसून वेगवेगळे गट नंबर वाटायला लागले तर जे होईल तेच होतं. मोबाईलवर व्हिडिओ चालतो, पण कॅमेरा, सेन्सर, प्रिंटर एकमेकांना सापडत नाहीत.

२) मग कंपनीच्या डब्याचं वायफाय बंद करा. बंद करू देत नसतील तर निदान त्याचं नाव वेगळं ठेवा. आणि डब्याच्या बुडाला चिकटवलेला पासवर्ड पहिल्याच दिवशी बदला.

३) दुसरी डबी मेलेल्या जागी नको, मधल्या जागी लावा, जिथं सिग्नल अजून चांगला आहे. पत्र्याकडं पाठ, खिडकीकडं तोंड.

४) एका लॅन वायरीची लांबी १०० मीटरच्या आत. वायर शुद्ध तांब्याची घ्या. तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची वायर स्वस्त मिळते, पण लांब अंतराला दगा देते. उन्हातून जाणार असेल तर बाहेरची काळ्या आवरणाची. महावितरणच्या खांबाला किंवा मोटारीच्या केबलसोबत बांधायची नाही.

५) घर आणि शेड वेगळं असेल, मध्ये उघडं आभाळ असेल, तर तांब्याऐवजी फायबरच टाका. दोन्ही टोकांना मीडिया कन्व्हर्टर बसतो. कारण वीज. आपल्याकडं मिरग आणि परतीच्या पावसात कडकडाट कसा होतो ते सांगायला नको. जवळपास वीज पडली तर तांब्याच्या वायरीतून झटका दोन्हीकडची यंत्रं घेऊन जातो. काच वीज वाहत नाही. मात्र फायबरला आधाराची लोखंडी तार असते, ती यंत्राच्या अलीकडंच तोडायची.

६) अंतर दोन-चारशे मीटर असेल तर एकमेकांकडं तोंड करून लावायची बाहेरची वायरलेस जोडी मिळते. ती चालवायला परवाना लागत नाही, २.४ गिगाहर्ट्झ आपल्या देशात २००५ पासून खुला आहे आणि ५ गिगाहर्ट्झच्या पट्ट्या २०१८ पासून घराबाहेरही, ठरवून दिलेल्या शक्तीच्या मर्यादेत. पण दोन्ही टोकं एकमेकांना दिसली पाहिजेत. जूनमध्ये जोडी लावताना मध्ये रिकामं रान असतं, दिवाळीला तिथं डोक्याच्या वर गेलेला ऊस उभा असतो. पानातलं पाणी लहर पिऊन टाकतं. म्हणून पाईप उसाच्या शेंड्यावर जाईल एवढा उंच रोवा.

७) बहुतेक सेन्सर, स्मार्ट प्लग आणि स्वस्त कॅमेरे फक्त २.४ गिगाहर्ट्झवर चालतात. मेशमध्ये ती पट्टी बंद करू नका.

८) लाईट गेली की वायफाय गेलं, मग काय उपयोग? डबा आणि डबीला छोटा डीसी यूपीएस लावा. ॲडॉप्टरवर व्होल्ट आणि ॲम्पिअर लिहिलेले असतात, तेच जुळवून घ्या. आणि विहिरीवरची डबी शेतीपंपाच्या फीडरवर लावली तर ती त्या फीडरच्या वेळेनुसारच जगणार. तिथं लहान सोलर पॅनल आणि बॅटरीच पाहिजे.

यात रॉकेट सायन्स कुठंच नाही. ज्या माणसाला ठिबकचा सबमेन टाकता येतो त्याला हे येतंच.

मग अडतं कुठं? कुलपात

वर मी "कंपनीच्या डब्याचं वायफाय बंद करा" असं एका ओळीत लिहिलं. बऱ्याच ठिकाणी ते होत नाही. डब्याच्या आत जायचा पूर्ण अधिकार कंपनी स्वतःकडं ठेवते, ग्राहकाला अर्धवट लॉगिन किंवा नुसतं ॲप देते. डब्यातल्या सेटिंग कंपनी दुरून बदलू शकते, पण ज्याच्या घरात डबा आहे तो बदलू शकत नाही. आमच्या भागात एका जोडणीसाठी ब्रिज मोड मागितला, म्हणजे डब्यानं फक्त नेट पुढं सोडायचं आणि बाकी सगळं आपल्या राऊटरनं बघायचं. तर उत्तर आलं, "सिस्टीममध्ये असा पर्याय नाही." आठवड्यानं दुसरा माणूस आला आणि त्यानं पाच मिनिटांत तोच पर्याय चालू करून दिला. पर्याय होता, सांगायची इच्छा नव्हती.

कंपनीची बाजूही ऐकू. ती म्हणते, ग्राहकानं सेटिंग बिघडवली तर तक्रार आमच्याकडंच येते. बरोबर आहे. ब्रिज मोड केला तर काही ठिकाणी त्याच डब्यातून चालणारा फोन किंवा टीव्ही बंद पडतो, हेही खरं, आधी विचारून घ्या. पण त्याचा तोडगा कुलूप नाही. तोडगा म्हणजे हद्द आखणं. डब्याच्या लॅन पोर्टला वायर लावून मोजलेला स्पीड ही कंपनीची जबाबदारी, त्याच्या पुढचं आमचं. बांधावर खुणेचा दगड असला की भाऊबंदकी होत नाही.

दुनियेत हे कुठं झालंय का? झालंय. जर्मनीत १ ऑगस्ट २०१६ पासून कायदाच आहे की कंपनीनं स्वतःचा राऊटर ग्राहकावर लादायचा नाही. लॉगिनची माहिती मागावी लागत नाही, कंपनीनं ती आपणहून द्यायची. तिथं नेट बंद पडलं नाही, कंपन्या बुडाल्या नाहीत.

स्पेनमधल्या कातालोनियाच्या ओसोना भागात २००४ च्या सुमाराला कंपन्या खेड्यापर्यंत नेट न्यायला तयार नव्हत्या. तिथल्या लोकांनी छपरा-छपरावर अँटेना लावून स्वतःचं जाळं विणलं. त्याचं नाव गुईफी, आणि आज त्यात ३० हजारांवर जोड आहेत. आपल्या महाराष्ट्रातही आयआयटी मुंबईच्या 'ग्राम मार्ग' प्रकल्पानं पालघर जिल्ह्यातल्या आदिवासी खेड्यांत बिनतारी जोडण्यांनी नेट पोचवून दाखवलं, २०१७ मध्ये मोझिलाच्या जागतिक स्पर्धेत त्याला पहिलं बक्षीस मिळालं. म्हणजे खेड्यातल्या माणसाला जमत नाही ही सबब चालणार नाही.

आता कृषी खात्याच्या आणि विद्यापीठाच्या मंडळींना दोन शब्द

साहेब, रागावू नका, पण स्मार्ट शेतीच्या तुमच्या पॉवरपॉइंटमध्ये सेन्सर असतो, ढगातला सर्व्हर असतो, मोबाईल घेऊन हसणारा शेतकरी असतो. सेन्सर ते डबा हे मधलं दोनशे फूट कुणी दाखवत नाही. सेन्सर त्याच दोनशे फुटांत मरतो.

रेशमाचंच घ्या. आपला जिल्हा राज्यात तुतीसाठी पुढं आहे. संगोपनगृहात २४ ते २८ अंश तापमान आणि अवस्थेनुसार ७० ते ८५ टक्क्यांच्या आसपास आर्द्रता लागते. शेवटच्या अवस्थेत अळी सगळ्यात जास्त पाला खाते, आणि त्याच आठवड्यात एका दुपारी शेड तापलं तर महिन्याची मेहनत हातातून जाते. तापमानाचा सेन्सर महाग राहिला नाही. पण शेड पत्र्याचं, घरापासून दीडशे फुटांवर, आणि डबा घराच्या दारामागं. सेन्सर शेडमध्ये बरोबर मोजतोय आणि मोबाईलवर शेवटची नोंद काल रात्रीची! मग शेतकरी म्हणतो, "हे सेन्सर-बिन्सर काही खरं नाही," आणि पुन्हा भिंतीवरच्या थर्मामीटरकडं वळतो. यंत्र नापास झालं नाही, जाळं नापास झालं. दोष मात्र शेतकऱ्याच्या अडाणीपणावर जातो. हे मला सहन होत नाही.

म्हणून मागणी: सेन्सरच्या कुठल्याही प्रात्यक्षिकात वायर, डबी, पाईप आणि बॅटरीचा खर्च धरा. खामगाव, डिघोळअंब्याच्या केव्हीकेत ठिबक दुरुस्तीसारखं एक दिवसाचं वायफाय जोडणीचं प्रशिक्षण ठेवा. गावातली आयटीआय झालेली पोरं आहेत, त्यांना काम मिळेल.

"मोबाईलला फाईव्ह-जी आहे की, कशाला हा उद्योग?"

हा प्रश्न येणारच. उत्तर ऐका. बालाघाटाच्या घड्यांत, पाटोदा-आष्टी-धारूरच्या वस्त्यांवर एका टेकडीआड रेंज असते आणि दुसऱ्या टेकडीआड नसते. जाड भिंतीच्या घरात असलेली रेंजही मरते. तिथं वायफाय कॉलिंग चालू केलं तर साधा फोनही वायफायवरून लागतो. शिवाय प्रत्येक कॅमेऱ्याला वेगळं सिम, प्रत्येक सिमला वेगळं रिचार्ज, हा हिशेब करून बघा.

आणि शेतीच्या पलीकडचंही बघा. आपल्याकडं दिवाळी झाली की कितीतरी घरातली कर्ती माणसं कोयता घेऊन कारखान्यांच्या दिशेनं जातात. मागं राहतात म्हातारी माणसं आणि शाळेतली पोरं. सहा महिने आई-बापाचं तोंड दिसतं ते मोबाईलच्या पडद्यावर. ते बघायला आजीनं काठी टेकत दाराजवळ, डब्याखाली येऊन उभं राहायचं, थंडीत? आतल्या खोलीत अंथरुणावर बसून लेकराशी बोलता आलं पाहिजे. नेट घरात आलं असं मी तेव्हाच म्हणेन.

सरकारनं २०११ साली ग्रामपंचायतींपर्यंत फायबर न्यायची योजना मंजूर केली, पुढं तिचं भारतनेट झालं, २०२३ साली सुधारित योजनेला १ लाख ३९ हजार कोटींवर रुपये मंजूर झाले. एवढे पैसे जमिनीखाली घालून शेवटचे पन्नास फूट जर एका कुलूपबंद डब्यापाशी अडत असतील तर ते वस्तीवर पोचलं असं समजायचं का?

काय करायचं

नवीन जोडणी घेताना, पैसे देण्याआधी, तीन गोष्टी विचारा आणि उत्तर व्हॉट्सॲपवर लेखी घ्या. डब्याचं पूर्ण लॉगिन मिळेल का? मागितल्यावर ब्रिज मोड कराल का? डब्याच्या लॅन पोर्टला किती स्पीडची हमी?

तक्रार तोंडी करू नका. तक्रार नोंदवली की तिचा नंबर द्यायला कंपनी बांधील आहे, तो लिहून ठेवा. तिथं न्याय नाही मिळाला तर कंपनीच्याच अपील अधिकाऱ्याकडं जाता येतं. आणि दूरसंचार सेवेची तक्रार ग्राहक आयोगात चालते, हे सर्वोच्च न्यायालयानं फेब्रुवारी २०२२ मध्ये स्पष्ट केलंय. जिल्हा आयोग बीडमध्येच आहे, दिल्लीला जावं लागत नाही.

एकट्यानं विचारलं तर कंपनी झटकून टाकते. एका वस्तीवरच्या दहा घरांनी मिळून विचारलं तर तिचा माणूस खुर्ची मागून घेऊन बसतो. वस्तीवर पाच-सहा जोडण्या असतील तर एकत्र जा, आणि जी कंपनी किल्ली देईल तिलाच जोडणी द्या.

विहिरीचं पाणी कुणाच्या परवानगीनं कुठल्या वाफ्याला सोडायचं हे आपण कुणाला ठरवू दिलं नाही. महिन्याला पैसे मोजून घेतलेल्या नेटचं दार तरी दुसऱ्याच्या हातात का द्यायचं?

तुमच्या वस्तीवर डबा उघडून दिला की नाही, आणि कशी वायर टाकली, ते खाली लिहा. अंतर, भिंत कसली आणि शेड कसलं तेवढं सांगा. पुढच्याला उपयोग होईल.